गाण्यासाठी आणि सिनेमासाठी प्लेअर एकच घ्यावा की वेगवेगळे?

प्रश्न बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका कुटुंबाचा आहे. घरात चांगल्या स्थितीतला जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर आहेत, टीव्ही नवा आहे. वडिलांच्या दोनेकशे सीडी आहेत, बहुतेक शास्त्रीय आणि नाट्यसंगीत. त्याशिवाय नाटकांच्या व्हीसीडी, सिनेमांच्या डीव्हीडी, गल्लीतल्या भजनी मंडळाच्या घरी उतरवलेल्या सीडी आणि अमेरिकेतल्या मुलानं आणलेल्या मोजक्या ब्लू-रे. इतकी वर्षं हे सगळं ज्यावर चाललं तो डीव्हीडी प्लेअर आता अडखळतोय. हाताशी चाळीस हजार आहेत. दुकानदार म्हणतो, "एकच ब्लू-रे घ्या की हो काका, सगळं त्यातच चालतंय. दोन पेट्या कशाला?" वडील म्हणतात सीडीला वेगळाच प्लेअर हवा. ऐकायचं कोणाचं?

वडिलांचं ऐका. वेगळ्या प्लेअरचा आवाज चांगला येतो हे कारण बहुतेकांच्या मनात पहिलं असतं. माझ्या लेखी ते तिसरं-चौथं आहे, त्याकडे पुढे येतोच. पहिलं कारण असं, की गाण्याचं यंत्र आणि चित्राचं यंत्र सारख्या वेगानं जुनं होत नाही. सीडी १९८२ साली जपानात बाजारात आली. तेव्हा ठरलेलं माप, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि वाहिन्या दोन, ते आजही तेच आहे. त्या वर्षीची चकती आजच्या प्लेअरमध्ये वाजते आणि आजची चकती त्या वर्षीच्या प्लेअरमध्ये. चित्राचं बघा. १९९३ ला व्हीसीडी, १९९६ ला डीव्हीडी, २००६ ला ब्लू-रे, २०१६ ला अल्ट्रा एचडी ब्लू-रे. मधल्या काळात टीव्हीची तार पिवळ्या पिनेवरून एचडीएमआयवर गेली आणि एचडीएमआयच्याही आवृत्त्या बदलत राहिल्या. चित्राची पेटी दर काही वर्षांनी मागे पडते, मग ती बिघडलेली असो वा नसो. दोन्ही एकाच पेटीत घेणं म्हणजे म्हातारा बैल आणि तरणा खोंड एका जुवाला जुंपणं. खोंड बदलायची वेळ आली की दावणीतून दोघंही सोडावे लागतात.

शिवाय चित्राच्या पेट्या बनवणारेच कमी होत चाललेत. सगळ्या प्रकारच्या चकत्या उत्तम वाजवणारे प्लेअर म्हणून ज्यांचं नाव घेतलं जायचं त्या ओप्पोनं २०१८ मध्ये हे काम थांबवलं. सॅमसंगनं २०१९ मध्ये अमेरिकेच्या बाजारासाठी नवे ब्लू-रे प्लेअर काढणं बंद केलं. सोनी, पॅनासॉनिक अजून आहेत. उलट नुसते सीडी प्लेअर डेनॉन, यामाहा, मरांट्झ यांच्याकडून अजून नव्यानं मिळतात. दोनशे सीडींचा संग्रह पुढची पंधरा वर्षं वाजता ठेवायचा असेल तर तो आटत चाललेल्या बाजाराला बांधून ठेवू नये, असं मला मनापासून वाटतं.

आता पेटीच्या आत बघू. दुरुस्तीच्या टेबलावर रोज जे दिसतं ते याच ठिकाणी आहे. सीडी वाचायला ७८० नॅनोमीटरचा लेसर लागतो, तो डोळ्यांना दिसत नाही. डीव्हीडीला ६५० चा लाल, ब्लू-रेला ४०५ चा निळा-जांभळा. चकतीतल्या माहितीच्या थराची खोलीही वेगळी: सीडीत १.२ मिलिमीटर आत, डीव्हीडीत ०.६, ब्लू-रेत पृष्ठभागापासून जेमतेम ०.१. म्हणजे सगळं वाजवणाऱ्या प्लेअरच्या एका लेन्समध्ये तीन लेसर आणि तीन वेगवेगळ्या ठिकाणी नजर लावायची सोय बसवावी लागते. तीन लेसर एकदम जात नाहीत, एकेक जातो. म्हणून लोक पेटी घेऊन येतात आणि म्हणतात, डीव्हीडी छान चालतेय पण सीडी टाकली की 'नो डिस्क'. सीडीचा लेसर मंदावला की पहिला फटका बसतो तो घरी उतरवलेल्या सीडींना. छापील सीडीत नसलेला रंगद्रव्याचा एक थर त्यांत धातूच्या थराआधी असतो, परावर्तन त्यातून व्हावं लागतं, आणि ते रंगद्रव्य ७८० च्या लेसरसाठीच बनवलेलं असतं. लाल लेसरला ते जवळजवळ दिसतच नाही. तुमच्याकडच्या भजनी मंडळाच्या चकत्या अडखळतायत आणि दुकानातून आणलेल्या सीडी वाजतायत, असं असेल तर दोष चकत्यांचा नसून लेन्स थकल्याचा असण्याची शक्यता जास्त.

साध्या सीडी प्लेअरची लेन्स बदलणं सोपं आहे. सोनीची केएसएस-२१३ सारखी लेन्स असंख्य कंपन्यांनी आपापल्या यंत्रांत वापरली आणि तिचे सुटे भाग अजून मिळतात. चार स्क्रू, एक पट्टीची केबल, आणि स्थिर विजेपासून लेन्स वाचवायला तिच्या सर्किटवर घातलेला शिशाचा टाका काढायचा. अर्ध्या तासात यंत्र पुन्हा गायला लागतं. ब्लू-रेच्या लेन्सचं तसं नाही. ती त्या-त्या मॉडेलला बांधलेली असते, सुटी मिळणं कठीण, आणि मिळाली तरी बसवल्यावर कंपनीच्या पद्धतीनं जुळवून घ्यावी लागते. बहुतेक वेळा ग्राहकाला मी सांगतो, यात पैसे घालू नका, नवाच घ्या. चित्राच्या पेटीबाबत हे सांगताना मला फारसं वाईट वाटत नाही. पण तीच पेटी घरातली गाण्याचीही एकमेव पेटी असते तेव्हा वाटतं.

आपल्या भागाचं म्हणून आणखी एक कारण आहे, आणि पुण्या-मुंबईचे सल्ले वाचून ते कळत नाही. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे वळीव येतो तो विजा घेऊनच. खानापूरकडे, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला तर विचारूच नका. वीज थेट घरावर पडावी लागत नाही. जवळपास कुठे पडली तरी झटका डिशच्या केबलमधून सेट-टॉप बॉक्समध्ये, तिथून एचडीएमआयनं टीव्हीत आणि टीव्हीतून दुसऱ्या एचडीएमआयनं प्लेअरमध्ये उतरतो. लोक प्लग काढतात आणि डिशची केबल तशीच ठेवतात. नंतर प्लेअर सुरू होतो, ट्रे उघडतो, पण चित्र नाही आणि आवाजही नाही, कारण एचडीएमआयची चिप गेलेली असते. एकच पेटी असेल तर त्या दिवसापासून घरातलं गाणंही बंद. वेगळा सीडी प्लेअर ॲम्प्लिफायरला साध्या लाल-पांढऱ्या तारांनी जोडलेला असतो आणि त्याचा टीव्हीशी तारेनं काही संबंध येत नाही. तो या वाटेत सापडतच नाही. पुढे जोडणीचं सांगताना मी टीव्ही आणि ॲम्प्लिफायरमध्ये ऑप्टिकल केबल टाका म्हणणार आहे, त्यामागेही हेच कारण आहे: काचेच्या किंवा प्लास्टिकच्या धाग्यातून प्रकाश जातो, झटका जात नाही.

धुळीचंही तसंच. शहापूर-वडगावला मागाच्या घरांत कापसाचा तंतू, निपाणीत तंबाखूची बारीक भुकटी, उद्यमबागेच्या आसपास लोखंडाचा कीस. हे सगळं लेन्सवर बसतं. ब्लू-रेची लेन्स चकतीच्या फार जवळ काम करते आणि तिचा प्रकाशबिंदू अगदी बारीक, म्हणून धुळीचा त्रास तिला लवकर होतो. सीडीची लेन्स बरंच सोसते.

आता वापराकडे. माझ्या मते घरच्यांनी निर्णय याच मुद्द्यावर घ्यावा. वडील गाणं कधी ऐकतात? पहाटे किंवा दुपारी निवांत, बहुधा टीव्ही न लावता. आजच्या स्वस्त ब्लू-रे प्लेअरना पुढच्या बाजूला आकडे दाखवणारा पडदा नसतो, एक दिवा असतो फक्त. कितवा ट्रॅक चालू आहे, किती मिनिटं झाली, हे बघायला टीव्ही लावावा लागतो. सीडी टाकल्यावर ही कोणती चकती आहे हे ओळखण्यात त्याचा वेळ जातो, कारण त्याला तिन्ही प्रकार तपासून बघायचे असतात. रिमोटवर बटणं बारीक आणि खूप. सत्तरीतल्या माणसाला चौथा ट्रॅक लावायला मेनू, बाण, ओके करत बसावं लागतं. सीडी प्लेअरवर चारचं बटण दाबलं की चौथा ट्रॅक.

त्याहून महत्त्वाचं, दोन ट्रॅकमधला सांधा. मैफलीच्या ध्वनिमुद्रणात आलाप, विलंबित, द्रुत असे वेगळे ट्रॅक पाडलेले असतात, पण गाणं सलग असतं. विलंबिताच्या शेवटच्या आवर्तनाचा श्वास द्रुताच्या उठावात मिसळतो, तानपुरा तर थांबतच नाही. नीट बनवलेला सीडी प्लेअर हा सांधा कळूही देत नाही. बरेच डीव्हीडी आणि ब्लू-रे प्लेअर मात्र ट्रॅक बदलताना क्षणभर आवाज दाबतात. तानपुऱ्यात अचानक भोक पडतं. ज्याला गाण्याची सवय नाही त्याला हे सांगूनही कळत नाही आणि ज्याला आहे त्याला ते सहन होत नाही. आपला भाग गाण्याच्या कानाचा आहे. कुमार गंधर्वांचा जन्म इथून जवळच सुळेभावीचा, धारवाड-हुबळी एका बाजूला आणि मिरज दुसऱ्या बाजूला. इथल्या जुन्या घरांत हा सांधा ऐकणारे लोक आहेत, तेव्हा मी हा मुद्दा किरकोळ मानत नाही. दुकानात प्लेअर बघायला जाताना अशी एक सीडी बरोबर न्या आणि ट्रॅक बदलायच्या आधीचं अर्धं मिनिट लावून ऐका.

एमपीथ्री चकत्यांबाबत ही अपेक्षा ठेवू नका. त्या रचनेतच फाइलीच्या टोकांना थोडी शांतता येते.

आता आवाज. सीडी प्लेअरच्या आत ४४,१०० च्या बरोबर ठरावीक पटीचा स्फटिक असतो. १६.९३४४ मेगाहर्ट्झचा नेहमी दिसतो, तो ३८४ पट. चित्राच्या पेटीचं मूळ घड्याळ २७ मेगाहर्ट्झचं, कारण चित्राला ते लागतं. २७ मेगाहर्ट्झला ४४,१०० नं भागलं तर भाग पूर्ण जात नाही, ६१२ आणि वर जवळजवळ पाव. म्हणून आवाजाचं घड्याळ वेगळ्या चिपमधून बेतून घ्यावं लागतं. एचडीएमआयमध्ये तर पलीकडच्या टोकाला आवाजाचं घड्याळ चित्राच्या घड्याळावरून पुन्हा उभं करतात. यात थोडी थरथर शिरते. कागदावर हे सगळं खरं आहे. पण चांगल्या बनावटीच्या यंत्रांत ही थरथर इतकी कमी असते की साध्या खोलीत, साध्या स्पीकरवर, डोळे बांधून ओळखायला लावलं तर बहुतेकांना फरक सांगता येणार नाही. त्यासाठी लाखभर खर्च करा असं कोणी सांगत असेल तर करू नका. तेवढ्या पैशात स्पीकर बदललेत किंवा समोरच्या उघड्या भिंतीवर पुस्तकांचं कपाट हलवलंत तरी जास्त फरक पडेल.

आवाजाच्या बाजूनं खरी अडचण दुसरीच आहे आणि ती साधी आहे. आजच्या बहुतेक स्वस्त ब्लू-रे प्लेअरना मागे लाल-पांढऱ्या पिनाच नसतात. एचडीएमआय असतं आणि फार तर एक कोअॅक्सियल, म्हणजे आवाजाचे नुसते आकडे बाहेर देणारी पिन. तुमच्या जुन्या ॲम्प्लिफायरला दोन्ही घेता येत नाहीत. मग लोक टीव्हीच्या हेडफोनच्या छिद्रातून तार काढतात. म्हणजे वडिलांची सीडी ब्लू-रेमधून टीव्हीत, टीव्हीच्या कसल्याशा ध्वनिसुधारणेतून, हेडफोनच्या छोट्या चिपमधून ॲम्प्लिफायरला. हा फरक मात्र डोळे बांधूनही ऐकू येतो. तंबोऱ्याची जवारी बोथट होते, तबल्याचा बायाँ फुगतो, मागे बारीक फस्स आवाज. "ब्लू-रेवर सीडी चांगली वाजत नाही" अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांत हीच जोडणी फार वेळा सापडते.

एकत्र पेटी कोणी घ्यावी तेही सांगतो. ज्यांच्याकडे पाच-सहा स्पीकरांचा, एचडीएमआय घेणारा एव्ही रिसीव्हर आहे आणि बैठकीच्या खोलीत सगळ्यांनी मिळून सिनेमा बघणं हेच मुख्य, सीडी सणासुदीला, त्यांनी एकच घ्यावी. तिथे चकतीतले आकडे जसेच्या तसे रिसीव्हरमध्ये जातात आणि आवाज तिथेच तयार होतो, मग वेगळ्या सीडी प्लेअरचा उपयोग थोडाच. ज्यांच्याकडे एसएसीडी आहेत त्यांनीही. १९९९ मध्ये आलेली ही चकती वेगळ्या पद्धतीनं, एका बिटात आणि सेकंदाला अठ्ठावीस लाखांहून जास्त नमुन्यांत लिहिलेली असते. तिचा उच्च प्रतीचा थर ऑप्टिकल किंवा कोअॅक्सियलमधून बाहेर सोडायला परवानगीच नव्हती, एचडीएमआयमधून मात्र तो जातो. सोनीचा यूबीपी-एक्स८०० एम२ हा अशा घराला चांगला, तो एसएसीडीही वाजवतो आणि अल्ट्रा एचडीही दाखवतो. पण त्यालाही लाल-पांढऱ्या पिना नाहीत, म्हणून तुमच्या जुन्या ॲम्प्लिफायरला तो थेट जोडता येणार नाही. आणि खोली एवढीशी आहे, पेट्या ठेवायला फळीच नाही, चकत्या वीस-पंचवीस आहेत, अशांनीही उगाच दोन घेऊ नयेत.

तुमचं घर यांपैकी कशातच बसत नाही. तेव्हा पैशांची वाटणी अशी करा: सोळा आण्यांतले दहा आणे सीडीवर, चार आणे चित्रावर, उरलेले दोन आणे तारा, विजेची सोय आणि चकत्या ठेवायची सोय यांवर. सीडीसाठी मुद्दाम नाव घ्यायचं तर यामाहाचा सीडी-एस३०३ किंवा डेनॉनचा डीसीडी-६००एनई या जातीतला साधा, भक्कम प्लेअर. याहून वर जायची तुमच्या स्पीकरांना गरज नाही. चित्रासाठी साधा ब्लू-रे प्लेअर. अल्ट्रा एचडीचा घेऊ नका, तुमच्याकडे त्या चकत्या नाहीत आणि इथल्या बाजारात त्या सहज मिळतही नाहीत.

ब्लू-रे घेताना दोन गोष्टी खोक्यावर वाचून घ्या. एक, चालणाऱ्या चकत्यांच्या यादीत व्हीसीडी आहे का. डीव्हीडी प्लेअरवर व्हीसीडी हमखास चालायच्या, ब्लू-रेवर चालतीलच असं नाही. आपल्या घरांत मराठी नाटकं मोठ्या संख्येनं व्हीसीडीवरच आहेत, आणि कितीतरी नाटकं नंतर डीव्हीडीवर आलीच नाहीत. दुसरं, विभाग. ब्लू-रेला जगाचे तीन विभाग आहेत: अमेरिका ए मध्ये, युरोप आणि आखात बी मध्ये, भारत सी मध्ये. मुलानं अमेरिकेतून आणलेल्या चकतीच्या डबीच्या पाठीवर फक्त ए असेल तर ती इथल्या प्लेअरवर चालणार नाही, ए-बी-सी तिन्ही असतील तर चालेल. डीव्हीडीचे विभाग आणखी वेगळे, भारत पाचवा. अल्ट्रा एचडी ब्लू-रेला मात्र विभागच नाहीत. मुलाला पुढच्या वेळी डबीची पाठ बघून आणायला सांगा.

जुना डीव्हीडी प्लेअर टाकू नका, लेन्स बदलून घ्या. डीव्हीडीच्या लेन्स अजून स्वस्तात मिळतात. व्हीसीडी आणि एमपीथ्रीसाठी तो ठेवा. शिवाय पैसे वाचवायचे असतील तर त्यातूनच एक मधली वाटही निघते. त्याच्या मागे बहुधा नारिंगी रंगाची कोअॅक्सियल पिन असेल. त्यातून सीडीचे आकडे बाहेर काढून एक छोटा डॅक, म्हणजे आकड्यांचा आवाज करणारी डबी, मधे लावायची आणि तिथून लाल-पांढऱ्या तारा ॲम्प्लिफायरला. ऑप्टिकल आणि कोअॅक्सियल अशी दोन तोंडं असलेला डॅक घेतलात तर एका तोंडाला हा प्लेअर, दुसऱ्याला टीव्ही. सीडी प्लेअर नंतर कधी घेतलात तरी डॅक वाया जात नाही. फक्त दोन ट्रॅकमधल्या सांध्याची अडचण या वाटेनं सुटत नाही, तो प्लेअर आवाज दाबत असेल तर दाबतच राहील. वडिलांना हे चालतंय का ते ऐकवून ठरवा. कमावत्या मुलानं परस्पर ठरवू नये.

जोडणी अशी. सीडी प्लेअर थेट ॲम्प्लिफायरच्या 'सीडी' तोंडाला. 'फोनो' असं लिहिलेल्या तोंडाला चुकूनही नाही. ते तबकडीसाठी असतं आणि फार क्षीण सिग्नलची अपेक्षा करतं, सीडी प्लेअर २ व्होल्ट देतो. ब्लू-रे एचडीएमआयनं टीव्हीला. टीव्हीच्या मागचं ऑप्टिकल डॅकला, डॅक ॲम्प्लिफायरच्या 'ऑक्स' तोंडाला. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाज 'पीसीएम' वर ठेवा, नाहीतर सिनेमाचा पाच वाहिन्यांचा आवाज डॅकला कळणार नाही आणि स्पीकर गप्प बसतील.

टीव्ही साध्या तारेनं ॲम्प्लिफायरला जोडला की कित्येक घरांत घुंईऽऽ असा खालचा आवाज सुरू होतो. डिशच्या किंवा केबलच्या तारेतून येणारं जमिनीचं टोक आणि घरातलं जमिनीचं टोक वेगळ्या पातळीवर असतात, त्यांच्यातला ५० हर्ट्झचा प्रवाह ॲम्प्लिफायरमधून वाहतो. ऑप्टिकल टाकलं की तो तुटतो. जुन्या वाड्यांतून अर्थिंगच नसतं, तिथे प्लेअरच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात. ते प्लेअर खराब असल्याचं लक्षण नाही, पण अर्थिंग करून घ्या. प्लेअर कितीही चांगला आणा, या कामाला पर्याय नाही. इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा असेल तर त्यावर सीडी प्लेअरचा आणि ॲम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो, बदलायची वेळ येईल तेव्हा शुद्ध साइन लहरीचा घ्या. आणि ब्लू-रे प्लेअरचं सॉफ्टवेअर अपडेट पावसाळी संध्याकाळी करू नका. अर्ध्यावर वीज गेली तर पेटी पुन्हा सुरूच होत नाही असं होऊ शकतं.

ब्लू-रे प्लेअरच्या सेटिंगमध्ये 'ऑडिओ डीआरसी' बंद करा. ते रात्री शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून हळू-मोठा आवाज एका पातळीवर आणतं, त्यात नाटकातली कुजबुज आणि आरडाओरडा सारखेच होतात. '२४पी' चालू करा. मग ब्लू-रेवरचा सिनेमा मूळच्या २४ चौकटींनीच टीव्हीकडे जातो. सुरांशी या सेटिंगचा संबंध नाही, पण २४ च्या आकड्यावरून एक सांगतो. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा असतो आणि पाल या टीव्ही-पद्धतीच्या डीव्हीडीवर तो २५ नं चालवतात. सिनेमा चार टक्के वेगानं पळतो आणि आवाज वेगळा दुरुस्त केला नसेल तर गाणीही वर चढतात. मूळ काळी एकमध्ये असलेलं गाणं काळी एक आणि पांढरी दोनच्या मधे, पांढरी दोनच्या जवळ जाऊन बसतं. बाजाची पेटी घेऊन साथ करायला बसणाऱ्या माणसाला सूरच सापडत नाही, आणि तो बिचारा पेटी तपासून घ्यायला निघतो. ही गोष्ट चकतीतच आहे, कोणताही प्लेअर ती बदलू शकत नाही. त्याच सिनेमाची ब्लू-रे २४ चौकटींची असेल तर सूर जागेवर असतो. गाण्यांसाठी म्हणून एखादा जुना सिनेमा पुन्हा घ्यायचा असेल तर हे लक्षात ठेवा.

पावसाळ्यात चकत्यांवर बुरशी येते, कागदी कव्हरात ठेवलेल्यांवर तर नक्कीच. प्लास्टिकच्या डबीत, भिंतीला न चिकटवता, सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. पुसताना मऊ सुती कापडानं मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून नाही. गोल ओरखडा त्याच रेघेतला सलग मजकूर खातो. सीडीची चूकदुरुस्ती साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतचा सलग तुकडा पूर्ण भरून काढते, त्यापुढे नाही. सीडीचा नाजूक भाग वरचा, छापील बाजूचा आहे. धातूचा थर तिथे पातळ लाखेखाली असतो, म्हणून त्यावर टोकदार पेनानं रागाचं नाव लिहू नका.

आणि दोनशेच्या दोनशे सीडी एकदा संगणकावर उतरवून ठेवा. 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' हा मोफत प्रोग्राम चकती पुन्हा पुन्हा वाचून खात्री करतो. फ्लॅक पद्धतीत साठवलंत तर एक सीडी तीन-चारशे एमबीत बसते आणि त्यातला एक आकडाही हरवत नाही. सगळा संग्रह साध्या पोर्टेबल हार्ड डिस्कच्या कोपऱ्यात मावेल. सुरुवात भजनी मंडळाच्या घरी उतरवलेल्या चकत्यांपासून करा, दुकानातल्या सीडींपासून नको. दुकानातली सीडी कुठून तरी पुन्हा मिळेल. त्या मंडळातले काही आवाज आता नसतील, आणि त्यांची दुसरी प्रत कोणाकडेही नाही.

खरेदीला जाल तेव्हा पिशवीत चार चकत्या न्या: सलग मैफलीची सीडी, सगळ्यात जास्त अडखळणारी भजनाची सीडी, नाटकाची एक व्हीसीडी आणि मुलानं आणलेली ब्लू-रे. खडे बाजारात असो नाहीतर कोल्हापुरात, दुकानदाराला सगळ्या लावून दाखवायला सांगा. वडिलांना बरोबर न्या आणि रिमोट त्यांच्या हातात द्या.